उरलेली फेरी कोणी खेळली

आमचा जुना संगणक मी पंचवीस वर्षं टाकू दिला नाही, त्यात प्रेमाचा काही भाग नव्हता. तो माळ्यावर होता आणि त्याच्या खोक्यावर पापडांचे डबे बरोबर बसायचे. ह्यांच्या ऑफिसनं जुनं सामान काढलं तेव्हा ह्यांनी तो मिरजेच्या आमच्या घरी उचलून आणला. आला तेव्हाच तो म्हातारा होता. कळ दाबून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. कोरोनाच्या दोन वर्षांत शाळा बंद होत्या, तेव्हा माझ्या दोन्ही पोरांनी त्याच्यावर धुडगूस घातला. मग ह्यांचं आजारपण आलं आणि संगणक माळ्यावर गेला.

ह्यांना ढासळ झाली होती. डॉक्टर देतात ते रोगाचं नाव लांबलचक आहे, पण लोक ढासळच म्हणतात, कारण होतं तसंच. अडतिसाव्या वर्षी हजेरीपटावरची सही बिघडली. चाळिसाव्या वर्षी जीभ जड झाली. एक्केचाळिसाव्या वर्षी घोटभर पाणी चुकीच्या नळीत गेलं आणि हे गेले. दोन वर्षं मी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. थोरले दीरही असेच गेले होते. म्हणजे रोग घराण्यातला होता, आणि माझ्या केतकी आणि सन्मती या दोन मुलांपैकी कोणाच्या वाट्याला तो येणार हे मला दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला आठवायचं.

रक्त तपासून ते कळत नव्हतं. तीस-चाळीस जनुकं थोडा थोडा हात लावतात, कोणा एकाला धरता येत नाही, असं सांगायचे. मग केतकी चौतिसाची झाली त्या वर्षी पेपरात एका शोधाची बातमी आली आणि गावोगावचे लोक माळे उपसायला लागले. भंगारवाल्यांकडं जुन्या हार्डडिस्क शोधत सुशिक्षित माणसं उकिडवी बसलेली मी स्वतः पाहिली आहेत.

शोध असा होता. या रोगात मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशींचा एक लहानसा पुंजका जन्मापासूनच चुकीच्या ठेक्यात चालतो. त्यामुळं बोटाच्या हालचालीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचा एक हिसका येतो. डोळ्यांना तो दिसत नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत मेंदूला तो लपवता येत नाही. त्यानंतर शेजारच्या चांगल्या पेशी जादा काम करून ती चूक भरून काढतात आणि हात अगदी साफ चालतो, कधी कधी तर इतरांपेक्षा साफ. पस्तिशी-चाळिशीत या राबलेल्या पेशी एकदम जळून जातात आणि माणूस ढासळतो. म्हणजे मोठेपणी कितीही तपासा, काही सापडायचं नाही. सापडलं तर लहानपणीच्या हातात. आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या लहान पोरांचे हात कुणी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत मोजून ठेवले होते? फक्त त्यांच्या खेळांनी.

सन्मतीनंच मला हे समजावून सांगितलं. तो डोळ्यांचा सर्जन. बत्तिसाव्या वर्षी त्याच्याकडं सांगली-कोल्हापूरहून लोक मोतीबिंदू काढायला येत होते. तो बोलायला लागला की मी हातातलं काम ठेवून ऐकायची. केतकीचं मी काम करता करता ऐकते. तसं का, असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला त्यात वावगं काही दिसलं नसतं.

एका रविवारी दुपारी दोघं आली. सन्मतीनं संगणक उतरवला, केतकीनं खोक्यावरची धूळ माझ्याच पदराला पुसली. माझी सून ईशानी आणि नात बाहेर झोपाळ्यावर होत्या. कुठल्या तरी दुकानातून सन्मतीनं जुन्या वायरी जमवल्या होत्या. कळ दाबली. आतला पंखा खरखरला, बंद पडला, पुन्हा खरखरला.

"चहा टाक गं आई," केतकी म्हणाली. "तुझा चहा झाल्याशिवाय हा काय जागा होत नाही."

आणि खरंच, चहा उकळला तेव्हा पडदा उजळला. ह्यांनी ठेवलेलं भगवान बाहुबलीचं चित्र मागे होतं. कोपऱ्यात विहिरीचं चिन्ह. त्या खेळाचं नावच 'विहीर'. दोराला बांधलेली बादली खाली जाते, भिंतीतून दगड पुढं येतात, प्रत्येक दगडावर एक अक्षर असतं. ते अक्षर वेळेत दाबलं तर दगड आत सरतो, नाहीतर बादली फुटते. एवढंच. पण फेरी संपल्यावर ती परत बघायची सोय होती, आणि त्यासाठी तो खेळ प्रत्येक कळ कधी दाबली, कधी सोडली हे सगळं लिहून ठेवायचा. त्या सोयीपायी आज डॉक्टर लोक त्या खेळाला नमस्कार करत होते.

"खेळाडू, केतकी," सन्मतीनं वाचलं. "एकच नाव हाय की. माझं कुठं गेलं?"

"तुझं नाव टाकायला तुला तवा धीर कुठं होता? माझ्याच नावावर चरायचास तू."

केतकी खेळायला बसली. पहिल्या दोन बादल्या फुटल्या, मग बोटांना वाट सापडली. ती खिदळत होती, सन्मती तिच्या खांद्यावरून अक्षरं ओरडून तिला चुकवत होता. चौतीस आणि बत्तीस वर्षांची घोडी, पण मला क्षणभर स्वयंपाकघरातून हाक मारावीशी वाटली. दोघंही हसत होती आणि दोघंही कशासाठी आलीत हे तिघांनाही ठाऊक होतं. हार्डडिस्क काढून सन्मतीनं रुमालात गुंडाळली.

तीन आठवड्यांनी आम्हाला सांगलीच्या प्रयोगशाळेत बोलावलं. डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या, माझ्याच वयाच्या, शांत. त्यांनी भिंतीवर एक आलेख लावला.

"फाईल केतकीच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या, "पण हात दोन आहेत. रोज संध्याकाळी एक हात सुरुवात करतो, मध्येच थांबतो, आणि उरलेली फेरी दुसरा हात खेळतो. दोन वर्षांत चारशे बारा दिवस असं झालंय. पहिला हात स्वच्छ आहे. दुसऱ्या हातात त्या हिसक्याचा ठसा आहे."

केतकीनं सन्मतीकडं पाहिलं, सन्मतीनं भिंतीकडं.

"मोठेपणीच्या हाताशी लहानपणीचा हात जुळवता येत नाही, ठेका पार बदललेला असतो. म्हणून घरच्यांना विचारावं लागतं. आधी कोण बसायचं आणि नंतर कोण?"

आलेखावर एक रेघ होती. हात बदलण्याची रोजची वेळ त्या रेघेवर मांडली होती. ती रेघ पावसाळ्याच्या तोंडाला वर चढत होती, थंडीत खाली येत होती. सव्वासहा, मग पावणेसहा, मग सव्वापाच, मग पुन्हा वर. बाईंना त्याचा अर्थ लागला नसावा. मला एका नजरेत लागला.

आम्ही जैन. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. आजही उरकतं. तेव्हा मी रोज सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी केतकीला हाक मारायची. ताटं मांड, पाणी भर, भाकरीचं पीठ काढ. उन्हाळ्यात हाक उशिरा, थंडीत लवकर. ती उठताना ओरडायची, सन्मती, तेवढी फेरी पुरी कर रे, बादली फुटंल. आणि सन्मती बसायचा तो ताट समोर येईपर्यंत. त्याला मी कधी उठवलं नाही. मुलगा होता, शिवाय धाकटा.

म्हणजे पहिला हात केतकीचा. दुसरा सन्मतीचा.

"ठसा म्हणजे रोग होणारच का?" मी विचारलं.

"दहात सात जणांना होतो."

"आणि उपाय?"

"पाठीच्या कण्यात चार इंजेक्शनं, दोन महिन्यांत. जादा राबणाऱ्या पेशींचं काम त्यानं थांबतं, त्यामुळं त्या जळत नाहीत. माणूस जगतो, चालतो, बोलतो. बोटांचं बारीक काम मात्र कायमचं जातं. आणि हे लक्षण दिसायच्या आधी घ्यावं लागतं. लक्षण दिसल्यावर उपयोग नाही."

"निरोगी माणसानं घेतलं तर?"

बाई माझ्याकडं जरा बघत राहिल्या. "तर त्याचा हात फुकट जाईल."

"आणि आम्हाला सांगता आलं नाही तर?"

"तर दोघांनाही ठसा आहे असं धरावं लागेल. डॉक्टरसाहेबांचं माहीतच आहे तुम्हाला, ठसा असला की मेडिकल कौन्सिल सुरी हातात धरू देत नाही."

केतकी म्हणाली, "मला वाटतं मी आधी बसायची. पण आता नक्की कसं सांगू? दहा वर्षांची होते मी."

इथं मी काय विचार केला ते सांगते, कारण लोकांना वाटतं अशा वेळी माणूस विचार करत नाही. मी भरपूर केला. दहातले तीन सुटतात. सन्मतीच्या हातून लहानपणापासून कधी एक वाटी पडली नव्हती. ह्यांच्या हातून पडायच्या, सासूबाई सांगायच्या. मी माझ्या मुलाला बत्तीस वर्षं पाहत होते, त्या यंत्रानं चारशे बारा संध्याकाळी पाहिलेलं. त्याच्या हाताखाली आंधळी माणसं टेबलावर झोपून डोळस होऊन उठत होती. आणि केतकी? केतकी सतारमेकर गल्लीत बसून तंबोऱ्याच्या घोडीवर कानस घासत होती. मी मनात असं म्हणाले, की तिचा हात गेला तरी तिचं काय जातं.

"आधी सन्मती बसायचा," मी म्हणाले. "मला चांगलं आठवतंय. शेजारी मगदूम सर होते, त्यांच्याकडं त्याची गणिताची शिकवणी असायची. तो शिकवणीला उठला की उरलेली फेरी केतकी खेळायची."

"किती वाजता असायची शिकवणी?"

"साडेपाच. कधी मागंपुढं व्हायचं."

बाईंनी लिहून घेतलं. घरातलं तेव्हाचं मोठं माणूस म्हणून माझी सही झाली. सही करताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.

परतताना सन्मती गाडी चालवत होता. मिरजेच्या अलीकडं तो म्हणाला, "उद्या ओपीडी लवकर हाय माझी." केतकी मागं बसली होती, खिडकीकडं तोंड करून, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून.

तिच्या कामाबद्दल मला थोडं सांगितलं पाहिजे, कारण तोवर मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. बी.कॉम. झाल्यावर ती इलाहीचाचांच्या दुकानात हिशेब लिहायला म्हणून गेली आणि जवारी काढायला बसली. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा इतका अलगद घासायचा असतो की तारेनं त्याला नुसतं शिवावं. तसं झालं की एका तारेतून सगळे सूर बाहेर पडतात आणि खोली भरून जाते. एक घास जास्त झाला की तंबोरा मुका. हे मोजून येत नाही, बोटानं कळतं. इलाहीचाचांच्या घरात पाच पिढ्या हे काम, पण ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "आखरी हात केतकीबेटीचा घ्या." धारवाडहून, पुण्याहून गवई लोक तिच्या तारखा घेऊन यायचे. बाईमाणूस जवारी काढते म्हणून आधी हसायचे आणि मग गप्प बसायचे.

इंजेक्शनं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तिला डबा द्यायला दुकानात गेले. ती एका जुन्या तंबोऱ्यावर वाकली होती. तार छेडायची, ऐकायची, दोनदा कानस फिरवायची, पुन्हा छेडायची. बराच वेळ तिचं माझ्याकडं लक्ष गेलं नाही. मग एकदा तार वाजली आणि इलाहीचाचांनी हातातला रंधा खाली ठेवला. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, पण मलाही कळलं.

डबा घेताना केतकी म्हणाली, "आई, नक्की ना? मला सारखं आठवतंय की मी उठायची. हाताला पीठ लागलेलं आठवतंय."

"पीठ नंतरचं गं. तुझे आप्पा आजारी पडल्यावरचं. तवा तूच तर भाकरी करायचीस."

"आणि सन्मती शिकवणीला जायचा?"

"रोज."

"बरं." तिनं डबा उघडला. "तू सांगतीस म्हणजे असंलच."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मला तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी थांबले नाही.

दोन महिन्यांत चार इंजेक्शनं झाली. पहिल्यानंतर ती ब्लाऊजची हुकं लावायला मला हाक मारायला लागली. दुसऱ्यानंतर घास चमच्यानं खायला लागली. चौथ्यानंतर दुकानात गेली, घोडी पायात धरली, कानस हातात घेतली आणि दुपारपर्यंत बसली. इलाहीचाचांनी मला नंतर सांगितलं, तिनं चार घोड्या बिघडवल्या आणि पाचवी मागितली. त्यांनी ती दिली नाही. "बेटी, घर जा," म्हणाले. म्हातारा माझ्यासमोर रडला. मी त्याला म्हटलं, चाचा, जीव तर वाचला तिचा.

तिचं लग्न ठरत आलं होतं. धारवाडचा एक सतारिया, तिच्या कामावर भाळलेला. ठसा असलेल्या मुलीशी त्याच्या घरच्यांनी करू दिलं नाही. पुढं त्याच दुकानात ती गल्ल्यावर बसायला लागली. येणाऱ्याला तंबोरे दाखवायची. वाजवून दाखवायला दुसऱ्या कुणाला बोलवायची.

सन्मतीनं त्या वर्षी हजारावर डोळे केले. नवीन इमारत झाली. उद्घाटनाला केतकीनं समई लावायची असं ईशानीनं ठरवलं होतं. काडी तीनदा विझली. चौथ्यांदा मी तिचा हात धरून लावली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चार वर्षं झाली. सन्मती छत्तीस वर्षांचा होता. एका सकाळी तो घरी आला आणि माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, "आई, ही माझी सही बघ."

मी बघितली. तसली सही मी आधी पाहिली होती.

त्यानं त्याच दिवशी सुरी खाली ठेवली. तेवढा तो प्रामाणिक निघाला. पण उपायाची वेळ गेली होती. त्याचे आप्पा ज्या जिन्यानं उतरले त्याच जिन्यानं तो उतरायला लागला, फक्त जास्त वेगानं. सहा महिन्यांत काठी, दहा महिन्यांत खुर्ची. जीभ जड झाली. डॉक्टर मुजावरांकडून पत्र आलं की स्वच्छ हात असलेल्या माणसाला ढासळ झाल्याची ही पहिलीच नोंद आहे, आणि त्यांना पुन्हा तपासणी करायची आहे. मी ते पत्र फाडलं. त्याची प्रत त्यांनी केतकीलाही पाठवली होती, हे मला माहीत नव्हतं.

मी सन्मतीकडंच राहायला गेले होते. दुपारी बारा आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी, दोन्ही वेळा मी त्याला पेज भरवायची. घोट किती द्यायचा, मान किती वाकवायची, हे मला ईशानीपेक्षा चांगलं येत होतं. ती शिकवा म्हणाली तरी मी शिकवलं नाही.

एका दुपारी केतकी आली. चपला काढायला तिला वेळ लागतो, तो लागला. मग ती आत येऊन सन्मतीच्या पलंगाच्या कडेला बसली आणि दोन्ही तळव्यांत धरून आणलेल्या दोन गोष्टी चादरीवर ठेवल्या. एक तो आलेखाचा कागद. दुसरी आमच्या मंदिराची दिनदर्शिका, ज्यात रोजची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ छापलेली असते.

"मगदूम सरांची शिकवणी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "नोव्हेंबरात सव्वापाचला, जूनमध्ये सव्वासहाला. दर महिन्याला थोडी थोडी सरकणारी. मी प्रयोगशाळेतून सगळ्या चारशे बारा तारखा मागवल्या, आई. एकेका तारखेपुढं सूर्यास्त लिहून काढला. मला पेन धरता येत नाही, मी बोलून लिहवून घेतलं. पाऊण तास. रोजचा पाऊण तास आधी. तुझी हाक."

ईशानी दारात उभी होती. माझ्या हातात पेजेची वाटी होती.

"दोन्ही मुलांचं बरं व्हावं म्हणून—" मी सुरुवात केली.

"दोन्ही?" केतकी म्हणाली. "माझा हात निरोगी होता. तुला बाईंनी सांगितलं होतं, फुकट जाईल म्हणून. मी तिथंच बसले होते. तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, आई किती बारीक विचार करतीय."

मी म्हणाले, "सन्मतीसाठी केलं मी. त्याचा दवाखाना, त्याचे पेशंट. दहात तीन सुटतात असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या मुलासाठी केलं. कुठल्याही आईनं केलं असतं. त्याला यातलं काही माहीत नाही, त्याच्यासमोर बोलू नकोस."

सन्मतीनं घशातून आवाज काढला. त्याला बोलायचं असलं की आम्ही थांबायचो. एकेक शब्द वर यायला वेळ लागायचा.

"मला... माहीत होतं," तो म्हणाला.

केतकीनं त्याच्याकडं पाहिलं.

"अक्का. मी नंतर बसायचो. मला... सगळं आठवत होतं." त्यानं श्वास घेतला. लाळ ओघळली, मी पुसायला पुढं झाले, त्यानं मान वळवली. "त्या दिवशी मी... सांगायचं ठरवून आलो होतो. ईशानीला... सांगून आलो होतो. दवाखाना सोडतो म्हणून. ती... हो म्हणाली होती."

मी ईशानीकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

"आणि मग?" केतकीनं विचारलं.

"आई... आधी बोलली."

बाहेर नात सायकलची घंटी वाजवत होती.

"मला... मोह झाला," सन्मती म्हणाला. "वाटलं... आईनं दिलंय. घ्यावं. एक मिनिट... आधी बोललो असतो तर..." पुढचे शब्द त्याला जमले नाहीत. त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि माझ्याकडं पाहिलं. तो लहान असताना पडल्यावर माझ्याकडं असा बघायचा, पण तेव्हा हात पुढं करायचा.

"मी... मागितलं नव्हतं, आई."

केतकी उठली. तिनं कागद गोळा करायचा प्रयत्न केला, तो तिच्या हातून दोनदा सुटला, म्हणून तो तिथंच राहू दिला. तिनं सन्मतीच्या डोक्यावरून पालथा हात फिरवला की नाही हे मला सांगता येणार नाही, मला ते बघवलं नाही. दारातून जाताना ती ईशानीला म्हणाली, "वहिनी, आता पोरीच्या तपासणीला साक्षीचं मोठं माणूस लागंल. माझं नाव लाव."

ती गेली. मी वाटी घेऊन सन्मतीजवळ बसले, चमचा भरला, त्याची मान बरोबर तेवढी वाकवली. त्यानं तोंड उघडलं नाही. मी पुन्हा चमचा पुढं केला. पेज गार होत होती. तो माझ्यावरून नजर काढून दाराकडं बघत होता, आणि त्यानं एकच शब्द उच्चारला.

"ईशानी."

ईशानी आली. तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. तिला मान किती वाकवायची ते माहीत नव्हतं, घोट किती द्यायचा तेही नाही. पहिल्याच घोटाला सन्मतीला ठसका लागला आणि तो लाल झाला. मी उठले, "असं नाही, अगं, असं धर," म्हणाले. त्यानं ठसक्यातूनच हात हलवला. मला जवळ येऊ नको म्हणून.

"तुम्ही पलीकडच्या खोलीत बसा," ईशानी म्हणाली.

मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. त्याचा ठसका तिथंही ऐकू येत होता. तो थांबायचा, पुन्हा लागायचा. कसं भरवायचं ते त्या घरात फक्त मला येत होतं, आणि मला कुणी बोलावलं नाही.